उचल कुणाची, पट्टी कुणाला?

“ह्यो इतको पैसो येता खयसून, आणि देणारो देता कित्याक?”

निवडणुकीच्या दिवसांत देवगड-जामसंड्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा प्रश्न ऐकू येतो. गाड्यांचा ताफा धुरळा उडवत गेला की कुणीतरी तो विचारतोच. २०२४ च्या लोकसभेला आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झालं, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात. एका बाजूला पेट्या भरण्याची घाई आणि दुसऱ्या बाजूला प्रचाराचे कर्णे. प्रश्नाचं उत्तर त्या पेट्यांच्या व्यवहारातच दडलेलं आहे, असं मला वाटतं. म्हणून सुरुवात राजकारणाऐवजी आंब्यापासून करू.

१. उचल म्हणजे काय?

पावसाळा सरला की बागायतदाराचा खर्च सुरू होतो. बेणणी, खत, मोहोर आला की एकामागून एक फवारण्या, राखणीला ठेवलेला माणूस, काढणीची मजुरी. फळ हातात यायला मार्च-एप्रिल उजाडतो. मधले चार-पाच महिने पैसा लागतो आणि घरात तो नसतो. अशा वेळी वाशीच्या बाजारातला दलाल उभा राहतो आणि रक्कम देतो. तिला आपण ‘उचल’ म्हणतो.

या उचलीला अनेकदा कागद नसतो. अट एकच, आणि तीही न बोलता ठरलेली असते: हंगामात माल आमच्याच गाळ्यावर यायचा. मग शेजारच्या गाळ्यावर डझनामागे शंभर रुपये जास्त मिळत असले तरी बागायतदाराची पेटी तिकडे वळत नाही. शेवटी पट्टी येते. विक्रीची रक्कम, तीतून भाडं, हमाली, दलाली आणि उचल वजा, आणि खाली उरलेला आकडा.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे त्या लागणार आहेत. पहिली, उचल घेणारा माणूस वाईट असतोच असं नाही. त्याला गरज असते. दुसरी, उचल घेतली त्या दिवशीच पेटी कुठे जाणार हे ठरून जातं, झाडावर कैरीसुद्धा धरलेली नसताना.

निवडणुकीचा पैसा ही अशीच उचल आहे. फरक एवढाच की इथे पेटीत आंबे नसतात. तीत कायदे असतात, कंत्राटं असतात, वाळूच्या आणि खाणींच्या परवानग्या असतात. आणि पट्टी येते ती आपल्या नावावर.

२. चाळीस लाखांत काय भागतं?

देवगड हा पूर्वी स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००९ पासून देवगड, वैभववाडी आणि कणकवली हे तीन तालुके मिळून कणकवली मतदारसंघ झाला. एक टोक विजयदुर्गाच्या समुद्रात, दुसरं सह्याद्रीच्या घाटाखाली. गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली वस्ती नव्हे. डोंगराच्या कुशीत, खाडीच्या काठावर विखुरलेल्या वाड्या. पाच घरांच्या वाडीत जायलाही गाडी लागते.

कायद्याने विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्च करता येतात. २०२२ पासूनची ही मर्यादा महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांसाठी आहे. १९५२ मध्ये लोकसभेला ती २५ हजार होती.

हिशोब करून पाहू. मतदारसंघात दोन लाख मतदार धरले तर विधानसभेला एका मतदारामागे २० रुपये पडतात. लोकसभेला, १४ लाख मतदार धरले तर, सात रुपयेसुद्धा होत नाहीत. म्हणजे मतदाराला भेटून, एक पत्रक हातात देऊन, एकदा सभेला बोलवायचं, आणि हे सगळं वडापावाच्या किमतीत बसवायचं. मर्यादा उदार आहे असं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा. ती अपुरी आहे म्हणून काढून टाका म्हणणाऱ्यांनी मात्र हे सांगावं, की मग आंबा बागेच्या उत्पन्नावर जगणाऱ्या माणसाने निवडणुकीला उभं कसं राहायचं?

मर्यादा पाळली जाते का, हे बघायला यंत्रणा आहे. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक ठरवतात: चहा कितीला, खुर्चीचं भाडं किती, मंडप किती, जीपचा दिवसाचा दर काय. उमेदवाराने “खुर्च्या मित्राने फुकट दिल्या” म्हटलं तरी त्या दराने ती रक्कम त्याच्या नावावर पडते. निवडणूक खर्च निरीक्षकांचे कर्मचारी सभेचं चित्रीकरण करतात आणि स्वतःची समांतर नोंदवही ठेवतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते.

३. वधूपित्याला मर्यादा, मामाला मोकळीक

समजा गावाने ठरवलं की लग्नात वधूपित्याने एक लाखाच्या वर खर्च करायचा नाही. पण मामाने किती करावा यावर बंधन नाही. काय होईल? मांडव मामाच्या नावावर, जेवण मामाच्या नावावर, बँड मामाच्या नावावर.

आपल्या निवडणुकीत पक्ष हा असा मामा आहे. उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सांगितलं की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च त्या उमेदवाराच्याच हिशोबात धरावा. निकालाची शाई वाळते न वाळते तोच त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून कायदा बदलला आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च मर्यादेबाहेर नेऊन ठेवला. २००३ मध्ये ही पळवाट बरीच आखडली. तरी ‘स्टार प्रचारकां’चा प्रवास आजही उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही, आणि उमेदवाराचं नाव न घेता पक्षाने केलेला सर्वसाधारण प्रचार मोकळाच आहे. हेलिकॉप्टर उतरतं ते मामाच्या पैशाने.

कागदावरचा आणि जमिनीवरचा खर्च यांतलं अंतर एका मोठ्या नेत्याच्या तोंडून महाराष्ट्राने ऐकलेलं आहे. जून २०१३ मध्ये मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनात गोपीनाथ मुंडे म्हणाले की २००९ च्या लोकसभेला आपल्याला आठ कोटी खर्च आला. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. म्हणजे बत्तीसपट. निवडणूक आयोगाने नोटीस पाठवली, त्यांनी खुलासा केला. मला त्या प्रसंगाचं महत्त्व वेगळं वाटतं. ते वाक्य ऐकून सभागृहाबाहेरच्या कुणाला धक्का बसला नाही. आकडा सगळ्यांना पटला.

४. पावती पुस्तक

चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात, तेव्हा ग्राममंडळाच्या सभेत जमाखर्च वाचला जातो. कुणी ५१ रुपये दिले, कुणी ५,०००, सगळं नावानिशी. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या फरश्या बसवलेल्या असतात. एखाद्याने मोठी रक्कम दिली आणि पुढच्या वर्षी त्याच्याच घराजवळून पाखाडी गेली, तर गाव दोन आणि दोन चार करतं. नाव माहीत असतं म्हणूनच ते करता येतं.

राजकीय पक्षांचं पावती पुस्तक असं नाही. वर्षभरात एका माणसाने २० हजारांहून अधिक दिले तरच त्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. त्याखालची नावं लोकांसमोर येत नाहीत. आता एका ठेकेदाराला एक लाख द्यायचे आहेत आणि नाव झाकायचं आहे असं धरा. तो स्वतःच्या, बायकोच्या, भावाच्या आणि तीन कामगारांच्या नावाने साडेसोळा-सतरा हजारांच्या सहा पावत्या फाडेल. लाख पोहोचला, नाव एकही नाही. २०१७ मध्ये रोखीने घ्यायच्या देणगीची हद्द २० हजारांवरून २ हजारांवर आणली, ते बरंच झालं. पण नाव सांगायची हद्द जिथल्या तिथे राहिली.

पक्षांच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि त्यांना देणगी देणाऱ्यालाही आयकरात सूट मिळते. म्हणजे सरकारी तिजोरी, पर्यायाने आपणच, या व्यवहारात आधीपासून वाटेकरी आहोत. वाटेकऱ्याला हिशोब मागायचा हक्क असतो.

५. मुंबई हायकोर्टाने १९५७ मध्ये दिलेला इशारा

कंपन्यांनी पक्षांना पैसे द्यावेत का, हा वाद मुंबईत फार लवकर उभा राहिला. टाटांच्या पोलाद कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल करून राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती. एका भागधारकाने हरकत घेतली. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे न्यायालयाला परवानगी द्यावी लागली. पण छागलांनी निकालपत्रात थांबून संसदेला बजावलं: हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल, कंपन्यांनी कोणत्या परिस्थितीत आणि किती मर्यादेत द्यावं याचा वेळीच विचार करा.

कारण समजायला सोपं आहे. कंपनीला मत नसतं. ती गावात राहत नाही, तिची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जात नाहीत. तिचा पैसाही एका माणसाचा नसतो. हजारो भागधारकांचा असतो, आणि त्यांतले निम्मे दुसऱ्याच पक्षाला मत देणारे असू शकतात. व्यवस्थापनाने भागधारकांच्या पैशातून दिलेल्या देणगीकडे धंद्यातली गुंतवणूक म्हणूनच बघावं लागतं, आणि गुंतवणूक परतावा मागते.

पुढचा इतिहास दार उघडण्याचा आणि लावण्याचा आहे. १९६० मध्ये मर्यादा घातली. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आणली. प्रचाराचा खर्च काही थांबला नाही, फक्त चेक थांबले. पैसा रोखीने, अंधारातून वाहू लागला. बंदीची ही बाजू सुधारणेची तळमळ असणाऱ्यांनी विसरू नये. १९८५ मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या पाच टक्क्यांची हद्द आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के केली. २०१७ मध्ये ही हद्दही काढली. तोट्यातली कंपनीसुद्धा हवं तेवढं देऊ शकेल, आणि कुठल्या पक्षाला दिलं ते ताळेबंदात सांगायची गरज नाही, असं ठरलं. मग आले रोखे.

६. निवडणूक रोखे: कुणापासून गुप्त?

निवडणूक रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ रोजी लागू झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत जाऊन रोखा विकत घ्यायचा: एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख किंवा एक कोटीचा. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. तो पक्षाला द्यायचा, पक्षाने १५ दिवसांत वटवायचा. काळा पैसा थांबेल, सगळं बँकेतून जाईल, असं सरकारचं म्हणणं होतं. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग दोघांनीही आक्षेप नोंदवले होते.

गुप्तता नेमकी कुणापासून होती, ते आपल्या उचलीवरून तपासून पाहा. देणारा स्वतः रोखा पक्षाच्या हातात देतो, तेव्हा पक्षाला तो कोण ते कळतं. बँकेकडे खरेदीदाराची सगळी कागदपत्रं असतात. दलालाला उचल माहीत, बागायतदाराला माहीत. अंधारात राहतो तो एकच, मतदार. आणि पट्टी त्याच्याच नावावर यायची असते.

२०१८ ते जानेवारी २०२४ या काळात १६ हजार ५०० कोटींहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले. हजार रुपयांचा रोखा सामान्य माणसासाठी होता म्हणे. पण एकूण रकमेतला ९० टक्क्यांहून मोठा वाटा एक कोटीच्या रोख्यांचा होता. देवगडचा बागायतदार काही एक कोटीचा रोखा घ्यायला मुंबईच्या शाखेत गेला नव्हता.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. कोण कुणाला पैसे देतं हे कळल्याशिवाय मतदाराला विचारपूर्वक मत देता येत नाही, हा निकालाचा गाभा. कंपन्यांना दिलेली अमर्याद मोकळीकही रद्द झाली. बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक उलटून जाईपर्यंत. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या.

त्या याद्या मी आंब्याच्या हिशोबाची वही वाचावी तशा बोट ठेवून वाचल्या. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, फ्यूचर गेमिंग: १,३६८ कोटी. दुसऱ्या क्रमांकावर हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम २०२३ मध्ये याच कंपनीला मिळालं आहे. पैसे घेणाऱ्यांत भाजप सर्वांत पुढे, एप्रिल २०१९ नंतरच्या काळातच सहा हजार कोटींच्या वर. पण तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती, बिजू जनता दल यांचीही नावं मोठ्या रकमांपुढे आहेत. देणगी आणि कंत्राट जवळ आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केली नाही. परंतु प्रश्न विचारण्यासाठी हातात वही तरी आली. सहा वर्षं तीही नव्हती.

७. गावचा लिलाव

मोठ्या आकड्यांनी डोळे दिपतात आणि वाटतं, हे सगळं दिल्ली-मुंबईचं. तसं नाही. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात उमराणे गावी सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीला ४२ लाखांची बोली लागली. पैसे देवळासाठी होते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या.

“देवळालाच जातात ना, मग बिघडलं कुठे?” असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं होतं. आपल्या कोकणात गावरहाटी आणि देवस्थान यांचं स्थान काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. बिघडलं ते असं: बोली लावता येणारी घरं गावात पाच-सात. बाकीच्या सगळ्यांची उमेदवारी त्या संध्याकाळी संपली. मोलमजुरी करणारी बाई, जिला कदाचित गावच्या नळयोजनेची खडान्‌खडा माहिती आहे, ती बोलीच्या जागी उभीसुद्धा राहिली नसणार. आणि दोन कोटी देऊन बसलेल्या माणसाला ग्रामसभेत खर्चाचा जाब विचारायला कोण उठेल?

आपल्याकडची बोली वेगळी. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून सुटणाऱ्या बसगाड्या आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. उमेदवाराने भाड्याने गाडी करून मतदाराला मतदान केंद्रावर फुकट आणणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण आहे, अगदी पैसे वाटण्याच्याच रांगेत. चाकरमान्याला गावी यायचं असतं, आईला भेटायचं असतं, गाडी फुकट मिळते. त्याचा दोष मी काढणार नाही. तरी तीही उचल आहे, तिकिटाएवढी.

८. मग पैसा आणायचा कुठून?

आपल्या या भागाने एक वेगळा काळ पाहिलेला आहे. १९५७ ते १९९१ अशी चौतीस वर्षं राजापूर मतदारसंघाने आधी बॅरिस्टर नाथ पै आणि मग मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. दोघेही समाजवादी, त्यांच्यामागे साखर कारखाना नव्हता, गिरणी नव्हती, बँक नव्हती. मनिऑर्डरीवर चालणाऱ्या गरीब मुलखाने हे केलं. तो काळ जसाच्या तसा परत येणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर प्रचार करायला पैसे पडतात, आणि समोरचा शंभर गाड्या काढतो तेव्हा सायकलवरचा माणूस दिसतच नाही. म्हणून पैसा येण्याची स्वच्छ वाट बांधावी लागेल.

एक वाट सरकारी मदतीची. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने रोख रक्कम न देता वस्तुरूपाने मदत करा असं सुचवलं. थोडी मदत आजही आहे: मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ, मतदारयादीच्या फुकट प्रती. जर्मनीत सरकार पक्षाला मिळालेल्या मतांवर आणि छोट्या देणग्यांवर पैसे देतं. लोकांनी दिलेल्या प्रत्येक युरोमागे सरकारचे ४५ सेंट. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१७ पासून आणखी सोपं केलं. शहराच्या निवडणुकीत नागरिकांना २५ डॉलरची चार कुपनं मिळतात. आवडेल त्या उमेदवाराला द्यायची. भांडी घासणाऱ्या बाईच्या हातातही शंभर डॉलरची देणगी येते, आणि उमेदवाराला तिच्या दाराशी जाण्याचं कारण मिळतं.

मला ही कुपनांची कल्पना सर्वांत आवडते, कारण ती उचलीचं मूळच बदलते. उचल एका दलालाकडून घेतली तर पेटी बांधली जाते. दहा हजार घरांकडून शंभर-शंभर रुपये घेतले तर ती बांधली जाते दहा हजार घरांशी, आणि लोकप्रतिनिधी त्यांच्याशी बांधलेला असावा हीच तर आपली अपेक्षा आहे. पण पक्षाच्या खर्चाला हद्द आणि प्रत्येक मोठ्या देणगीला नाव, या दोन गोष्टी आधी झाल्या नाहीत तर कुपनांचा पैसा जुन्या पैशाच्या वर चढेल, त्याची जागा घेणार नाही.

तोवर हातात असलेली एक सोय वापरा. उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्यासाठी ओरोसला सिंधुदुर्गनगरीत, जमा होतो. निवडणूक नियमांतल्या ८८ व्या नियमानुसार कुणालाही एक रुपया फी भरून तो पाहता येतो, आणि फी भरून प्रतही घेता येते. गोषवाऱ्यात पैसा कुठून आला याचे रकाने असतात: स्वतःचा, पक्षाकडून, इतरांकडून. तिसऱ्या रकान्यातली नावं आधी वाचा. मग आपल्या गावात झालेली सभा शोधा, खुर्च्या किती लावल्याचं लिहिलंय ते बघा, आणि त्या दिवशी तुम्ही किती मोजल्या होत्या ते आठवा.